समोशातलं मीठ

बोरिवलीतल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं असलं, की आधी फळ्यावर नोटीस लागते. मग कमिटीची मीटिंग होते, तीत तीन कोटेशनं मागवायचं ठरतं, दोन येतात आणि तिसऱ्याची वाट बघण्यात पावसाळा उलटतो. सर्वसाधारण सभेत दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका उभे राहून विचारतात, की जुनं झाकण भंगारात दिलं त्याचे पैसे कुठल्या खात्यात जमा झाले. झाकणाची किंमत बाराशे रुपये. आणि त्याच सभेत मागच्या रांगेत बसून तिसऱ्या कोटेशनचा आग्रह धरणारं एखादं जोडपं गेल्याच रविवारी अंधेरीच्या एका हॉटेलच्या हॉलमधून, अडीच तासांत, एकाच कोटेशनवर, पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या चार लाखांना घेऊन आलेलं असतं. झाकणाइतकी चौकशी कुणी सुट्ट्यांची केलेली नसते. काकांना कळलं तर ते म्हणतील, लोभ, दुसरं काय. फुकट मिळतंय म्हटल्यावर माणूस आंधळा होतो. निदान उपनगरी मध्यमवर्गापुरतं तरी मला हे निदान पटत नाही. या माणसाला लोभ परवडतच नाही, तो त्याने लहानपणीच सोडलेला असतो. त्याला नडते ती भीड. आणि भीड भिकेची बहीण आहे हे आपल्या पूर्वजांना अशा सुट्ट्या विकणारा टाइमशेअरचा धंदा निघण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

या व्यवहाराची सुरुवातच बघा. मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या तोंडाशी किंवा पेट्रोलपंपावर एक हसतमुख मुलगी कूपन भरून घेते. नाव, फोन नंबर, वय, लग्न झालंय का, गाडी आहे का, क्रेडिट कार्ड कुठल्या बँकेचं. लकी ड्रॉसाठी क्रेडिट कार्डाची माहिती कशाला हवी, हा प्रश्न त्या क्षणी विचारणं उद्धटपणाचं वाटतं, कारण ती इतकं गोड बोललेली असते. भिडेचा हा पहिला हप्ता. चार दिवसांनी फोन येतो की तुमचं कूपन निघालंय, तीन रात्री चार दिवसांचं हॉलिडे व्हाउचर लागलंय, फक्त रविवारी येऊन घेऊन जायचं. अट एकच, जोडीने यायचं. सत्यनारायणाच्या पूजेलाही गुरुजी जोडीनेच बसवतात, त्यामुळे आपल्याला यात काही खटकत नाही. पण जोडीची अट धार्मिक नसते. नवरा एकटा आला तर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो आणि बायको एकटी आली तर ‘ह्यांना विचारते’ म्हणून सुटते. मराठी संसारात नकार देण्याची ही सर्वात जुनी आणि सर्वात सभ्य पद्धत आहे. दोघं एकदम आली, की ज्याला विचारायचं ते माणूस शेजारच्याच खुर्चीत बसलेलं असतं. पहिल्याच फोनवर त्यांची ढाल अशी काढून घेतलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो.

हॉलमध्ये छोटी छोटी गोल टेबलं असतात आणि गाणी जरा जास्तच मोठ्याने लावलेली असतात, म्हणजे शेजारच्या टेबलावरचं जोडपं काय शंका काढतंय ते ऐकू येत नाही. टाय लावलेला एक मुलगा येतो. तो आधी सुट्ट्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. मुलं कितवीत आहेत, गाव कुठलं, शेवटचं बाहेर कधी गेलात, असं विचारतो. घाटकोपरच्या गृहस्थाला कित्येक महिन्यांत कुणी इतक्या आपुलकीने काही विचारलेलं नसतं. मग प्लेट येते, तिच्यात दोन समोसे, एक पेस्ट्री, शेजारी कोल्ड्रिंक. इथे खरा व्यवहार होतो, पुढचं सगळं कागदपत्रांचं काम. खाल्ल्या मिठाला जागण्याचे संस्कार आपल्यावर झालेत. हळदीकुंकवाला वाण मिळालं तर परत वाण द्यायचं, शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांच्याकडून एका समोशाच्या बदल्यात ‘आता एवढं ऐकून तर घेऊ’ हे वदवून घेणं अवघड नाही. तासाभराने ऐकून घेण्याचं रूपांतर ‘एवढा वेळ घालवला बिचाऱ्याने’ यात होतं. त्या मुलाचा वेळ आपण फुकट घालवला याची टोचणी आपल्याला लागते. आपल्याला फोन करून त्यानेच बोलावलं होतं हे मागे पडलेलं असतं.

यावर कुणीही विचारेल, की दादरला साडीच्या दुकानातही थंडा विचारतात, गादीवर बसवतात, चाळीस साड्या उलगडून दाखवतात, आणि तरी बायका ‘आणखी दोन ठिकाणी बघून येतो हं’ म्हणत निर्विकारपणे उठतात. तिथे कुठे जाते भीड? हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि बऱ्याच अंशी आहेही. पण साडीच्या दुकानाला लागून दुसरं साडीचं दुकान असतं. साडी हातात घेऊन चुरगाळता येते, काठ उजेडात नेऊन बघता येतो, आणि पैठणी साधारण कितीला पडते हे बरोबरच्या जाऊबाईंना ठाऊक असतं. मुख्य म्हणजे उद्या येतो म्हटलं तर दुकानदार ‘या’ म्हणतो, उद्याही तोच भाव सांगतो. हॉलमध्ये यातलं काहीच नसतं. सुट्टी चुरगाळून बघता येत नाही. शेजारी दुसरा हॉल नाही, जाऊबाई नाहीत, आणि उद्या तर मुळीच नाही, कारण भाव ‘फक्त आजचा’ असतो. तेव्हा आपली भीड सगळीकडे सारखीच असते. साडीच्या दुकानात तिला उतारा असतो, हॉलमध्ये सगळे उतारे मोजून मापून काढून घेतलेले असतात.

आता तो कागद. ह्या धंद्यातली सर्वात बघण्यासारखी वस्तू म्हणजे त्या मुलाच्या पॅडवरचा कोरा कागद. तो समोर बसून आकडे उलटे लिहितो, म्हणजे आपल्या बाजूने ते सुलटे दिसतात. ही कला त्याने मेहनतीने कमावलेली असते आणि तिला दाद दिलीच पाहिजे. समजा मेंबरशिप चार लाखांची, वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं. तो लिहितो १७५ रात्री, चार लाखांना १७५ ने भागून रात्रीला २,२८६ रुपये, आणि त्याखाली दोन रेघा मारतो. शेजारी आजचा हॉटेलचा दर लिहितो, ६,००० रुपये. तो दर वर्षाला दहा टक्क्यांनी वाढवत नेतो आणि पंचवीस वर्षांनी हीच खोली रात्रीला ६५,००० रुपयांना पडेल असं दाखवून पेन खाली ठेवतो. गुणाकार बरोबर असतो, शाळेतल्या चक्रवाढ व्याजाच्या धड्यात तो पूर्ण मार्क घेईल. फक्त ही महागाई हॉटेलांनाच होते. वार्षिक देखभाल शुल्क नावाची जी गोष्ट करारात आठव्या की नवव्या पानावर असते, तिला महागाईचा वारा कागदावर लागलेला नसतो, कारण ती कागदावर आलेलीच नसते. हे शुल्क आज १८,००० धरा आणि तोच दहा टक्क्यांचा गुणाकार त्यालाही लावा. पंचवीस वर्षांनी बिल १,९५,००० च्या घरात जातं, आणि तेही आठवड्याभराच्या खोलीसाठी, प्रवास आणि जेवण वेगळं. पहिल्याच वर्षाचा हिशेब करायचा तर चार लाख सात टक्क्यांनी एफडीत ठेवले असते तर २८,००० व्याज आलं असतं. त्यात १८,००० मिळवा, ४६,००० झाले. भागिले सात, रात्रीला साडेसहा हजारांच्या वर. म्हणजे ज्या हॉटेलच्या सहा हजारांना घाबरून आपण इथे सही करतोय, त्याहून महाग. शिवाय एफडीतले चार लाख पंचवीस वर्षांनी जागेवर असतात. हा हिशेब करायला बँकेतले काकाही लागत नाहीत, सातवीतला मुलगा करेल. पण त्याला शांत जागा लागते आणि गाणी बंद लागतात. सही झाल्यावर तो मुलगा पॅडवरचा कागद फाडून घडी घालतो आणि खिशात ठेवतो. ‘वर्षभरात कधीही जा’, ‘नको असेल तर आम्हीच विकून देऊ’, ‘भाड्याने दिलं तर देखभाल शुल्क सुटतं’, ही सगळी वाक्यं त्या कागदाबरोबर खिशात जातात. आपल्या हातात येतो तो छापील करार, आणि त्यात एक कलम असतं की तोंडी दिलेली आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. कुणी निघताना तो कागदच मागून बघावा. समोसे देताना जो हात सैल होता तो इथे आखडलेला दिसेल.

सीझनचा प्रकार थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो निव्वळ रंगांचा आहे. वर्षाचे आठवडे रंगांत वाटलेले असतात, महाग रंग आणि स्वस्त रंग. स्वस्त रंग परवडतो म्हणून घेतला जातो. महाग रंगात मे महिना, दिवाळी आणि नाताळ असतात. स्वस्त रंगात शाळेच्या घटक चाचण्या असतात. मुलुंडच्या ज्या कुटुंबाची सुट्टी शाळेच्या कॅलेंडरवर चालते, त्याला आपला रंग जुलैत वापरता येतो. तेव्हा जिथे जायचं तिथे धुक्यात समोरचा डोंगर दिसत नाही आणि घरी मुलाला गणिताचा पेपर असतो. खोलीही रंगासारखीच मोजून मिळते, लहानातल्या लहान खोलीत दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. आजी कुठल्या रंगात बसतात, ते कुणी सांगत नाही आणि हॉलमध्ये कुणी विचारत नाही.

इथे न्यायाने दुसरी बाजू मांडायला हवी. टाइमशेअर ही कल्पना मुळात फसवी नाही. साठच्या दशकात ती युरोपात निघाली, आल्प्समध्ये बर्फावर जाणाऱ्यांनी दरवर्षी खोली शोधण्यापेक्षा तिचा एक आठवडाच विकत घ्यावा, इतका साधा विचार होता. भारतात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कंपन्या आल्या, त्यांतल्या काहींची रिसॉर्टं उत्तम आहेत, आणि दरवर्षी नेमाने जाणारी, महिनोन्‌महिने आधी बुकिंग करणारी, मेंबरशिपचा पैन्‌पै वसूल करणारी कुटुंबं अंधेरी-बोरिवलीतही आहेत. रेल्वेचं आरक्षण उघडल्या मिनिटाला तिकीट काढणारी ही शिस्तीची माणसं, त्यांना माझा नमस्कार. तो टाय लावलेला मुलगाही खलनायक नाही. बहुधा तो नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल पकडून आलेला असतो, त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, आणि त्याच्या कंपनीची मेंबरशिप त्याला स्वतःला परवडत नसते. पण समाधानी मेंबर आहेत हे माझ्या म्हणण्याविरुद्धचं उत्तर होत नाही. माल चांगला असेल तर तो दुसऱ्या दिवशीही चांगलाच असायला हवा. ज्या वस्तूचा उपभोग पंचवीस वर्षं घ्यायचा, तिचा भाव रविवारी संध्याकाळी सात वाजता का नासतो? पापलेटाचंही इतकं नसतं. कोळीण निदान बर्फावर ठेवते.

‘मोठी माणसं आहेत, सही केली, आता रडायचं कशाला’ असं म्हणणाऱ्यांना मला पॅनकार्ड क्लब्सची आठवण करून द्यायची आहे. त्या गोष्टीत हॉल, गाणी, समोसे यांची फारशी गरजच पडली नाही. कंपनी मुंबईतली. विकायची ती हॉटेलच्या खोलीतल्या रात्री, काही वर्षांच्या मुदतीच्या, आणि मेख अशी की त्या रात्री वापरल्या नाहीत तर मुदत संपल्यावर वाढीव रक्कम परत. म्हणजे सुट्टीला गेलात तर सुट्टी मिळणार आणि घरी बसलात तर फायदा मिळणार! घरी बसण्याचा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव असल्याने लोकांनी दुसरा पर्याय आनंदाने घेतला. सेबीच्या नोंदीप्रमाणे ५१ लाखांहून अधिक लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा झाले. गंमत म्हणून एक भागाकार करू. या सगळ्यांनी एकाच वर्षी फक्त एकेक रात्र मागितली असती, तरी वर्षभर रोज चौदा हजारांहून जास्त खोल्या लागल्या असत्या. इतक्या खोल्या कुठे आहेत हे कुणी विचारलं नाही, कारण खोलीत कुणाला जायचंच नव्हतं. सेबीने जुलै २०१४ मध्ये पैसे गोळा करायला मनाई केली, आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी ही सुट्टी नसून सामूहिक गुंतवणूक योजना आहे, तीही विनानोंदणीची, असं ठरवून तीन महिन्यांत पैसे परत करायचा आदेश दिला. तारीखच अशी की तिचा वाढदिवस चार वर्षांनी येतो. २०१७ मध्ये अपील फेटाळलं गेलं, आणि पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. तीन महिने अजून चालूच आहेत.

या माणसांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अशा योजनांचे एजंट टाय लावून येत नाहीत. ते मामेभाऊ असतात, शाखेतले सहकारी असतात, भिशीतल्या वहिनी असतात, लेकीच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले असतात. त्यांनी फॉर्म पुढे केल्यावर ‘तुमच्या कंपनीचा ताळेबंद दाखवा बघू’ असं म्हणणारा माणूस आपल्या नात्यागोत्यात पुढच्या गणपतीला एकटाच आरती म्हणतो. हॉलमध्ये समोशाने जे काम केलं ते इथे नात्याने केलं, मीठ तेवढं जुनं होतं. युरोपीय महासंघाच्या २००८ च्या निर्देशात टाइमशेअर हे गुंतवणूक म्हणून विकायला साफ बंदी आहे. एवढं एक वाक्य आपल्याकडे वेळेवर असतं, तर ‘गेलात तर सुट्टी, नाही गेलात तर फायदा’ हे माहितीपत्रकात छापताना छापखानेवाल्यानेच दोनदा विचारलं असतं.

मग आपल्याकडे कायदा नाही का? आहे, आणि वाचायला तो फार चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला. दिशाभूल करणारी जाहिरात, अनुचित व्यापारी प्रथा, अन्याय्य करार, सगळ्यांच्या व्याख्या त्यात आहेत. कंपनीने करारात ‘वाद फक्त आमच्या शहरातल्या न्यायालयात’ असं लिहिलं असलं तरी ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या सगळ्यांचा जिल्हा आयोग वांद्र्याला पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत. मात्र ‘मला फसवून विकलं’ म्हणायचं असेल तर वांद्रे, आणि ‘करारच अन्याय्य आहे’ म्हणायचं असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, थेट राज्य आयोगाकडे, म्हणजे सीएसएमटीला. आपल्याला नेमकं कुठल्या स्टेशनवर उतरवून लुटलं, हे आधी लुटलेल्याने ठरवायचं. कायदा म्हणतो की तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी. त्या ‘शक्यतो’ची लांबी बघायची असेल तर कुठल्याही दिवशी त्या इमारतीच्या बाकांवर बसलेल्यांकडे बघावं. आयोगांनी ग्राहकांना न्याय दिलेला आहे, अनेकदा भरपाईसकट, ते मी नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं सही झाल्यानंतरचं आहे. शिवाय तिथे पुरावा लागतो, आणि पुरावा त्या मुलाच्या खिशात घडी घालून गेलेला असतो.

आपल्या नियमकर्त्यांना घाईचा धोका कळत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा ‘डार्क पॅटर्न’ना मनाई केली. ‘फक्त दोनच उरलेत’ अशी खोटी घाई, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण, एकदा आत शिरलं की बाहेर पडता येऊ नये अशी वर्गणी, सगळं त्यात आलं. पण ती मार्गदर्शक तत्त्वं मोबाइलच्या नि संगणकाच्या पडद्यासाठी आहेत. ‘नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’ असं बटण ॲपवर दिसलं तर तो डार्क पॅटर्न. अंधेरीच्या हॉलमध्ये वरिष्ठ मॅनेजर खुर्ची ओढून बसतो आणि बायकोदेखत विचारतो, ‘सर, मॅडमसाठी एवढंही नाही करणार?’, तेव्हा तो पॅटर्न वातानुकूलित असतो इतकंच.

म्हणून माझं मागणं एकच आहे आणि ते लहान आहे. ग्राहकाला एक रात्र द्या. खरं तर चौदा द्या, युरोपात तितक्या आहेत. तिथे टाइमशेअरची सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते, आणि मला जास्त आवडलेला भाग असा की त्या चौदा दिवसांत विकणाऱ्याने एक पैसाही घ्यायचा नाही. टोकन नाही, कार्ड घासणं नाही. फ्लोरिडात, जिथे या धंद्याची राजधानी आहे म्हटलं तरी चालेल, दहा दिवस आहेत. आपल्याकडे आयुर्विम्याची पॉलिसी घेतली तर ती वाचून परत करायला २०२४ पासून तीस दिवस मिळतात, आधीही पंधरा होते. घरोघरी डबे आणि पावडरी विकायला निघालेल्यांनाही कंपनीशी केलेल्या कराराचा फेरविचार करायला २०२१ च्या नियमांनी मुदत दिली. टाइमशेअरला मात्र भारतात वेगळा कायदा नाही. काही कंपन्या आपण होऊन करारात दहा दिवसांची सोय ठेवतात, त्यांचं कौतुक, पण सज्जनाने आपण होऊन दिलेली मुदत सज्जनाच्याच ग्राहकाला मिळते.

कंपन्या म्हणतील की अशी मुदत दिली तर निम्मे लोक सोमवारी फोन करून रद्द करतील. हे म्हणणं मी मनापासून मान्य करतो. ज्या धंद्याचा निम्मा माल एका रात्रीच्या झोपेत उतरतो, त्याबद्दल मी याहून कडक काही लिहू शकलो नसतो. तीस दिवसांच्या मुदतीने विमा कंपन्या बुडाल्या नाहीत. आणि मुदत मिळाली की लोक शहाणपणाने वागतात याचा पुरावा याच उपनगरात आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून इथे काम करते, तिची पद्धत बघा. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी आधी भरायची, माल नंतर यायचा. तूरडाळ किती, साबण किती, हे घरी बसून, डबे उघडून बघून ठरवायचं. त्या यादीत कुणी भरात येऊन पंचवीस वर्षांची तूरडाळ लिहिल्याचं कधी ऐकलेलं नाही.

रात्रीने काय होतं असं विचाराल तर एक रात्रही जास्तच होते, पुष्कळदा परतीचा प्रवास पुरतो. समजा कायदा झाला आहे आणि मुलुंडचं एखादं जोडपं अंधेरीच्या हॉलमधून सही करून, पण पैसे न देता, बाहेर पडलंय. हातात फाइल, चेहऱ्यावर मोठं काही केल्याचं तेज. मेट्रोत घाटकोपरपर्यंत दोघं महाबळेश्वर की गोवा यावर बोलतात. घाटकोपरला ठाण्याकडची स्लो मिळते, रविवार असल्याने बसायला जागाही मिळते. विक्रोळीपर्यंत फाइल नवऱ्याच्या मांडीवर असते. कांजूरमार्गला ती बायकोकडे जाते, तिला वाचायचा चष्मा सापडतो. भांडुप येईपर्यंत ती आठव्या पानावर पोचलेली असते. गाडी नाहूरला थांबते, आणि तेव्हा ती मान वर करून विचारते, ‘अहो, पण आईंना कुठे झोपवायचं?’